वेशीपासून प्रभागापर्यंत

गावाची वेस आपण होऊन जागची हलत नाही; परंतु राजपत्रातील एका अधिसूचनेने ती नाहीशी मात्र होऊ शकते. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या हुडकेश्वर गावाचा अनुभव असाच आहे. शहर वाढत वाढत गावाच्या शिवाराला येऊन भिडले, शेतांचे ले-आउट पडले, घरे उभी राहिली. आणि २०१२ व २०१७ ह्या महानगरपालिकेच्या दोन निवडणुकांच्या दरम्यान हुडकेश्वर व त्याच्या शेजारचे नरसाळा ही दोन्ही गावे नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आली. घर तेच राहिले, अंगण तेच राहिले, शेजारीही तेच राहिले. बदलले ते माणसाचे मत. काल जो ग्रामपंचायतीचा मतदार होता, तो आज चोवीस लाख वस्तीच्या महानगराचा मतदार झाला. त्याच्या मताचे वजन वाढले की घटले, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास नगरशासनाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाची पाने उलटावी लागतात.

निवडणूक म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर मतदानाचा दिवस उभा राहतो. मिरवणुका, जाहीर सभा, केंद्रापुढची रांग आणि बोटावरची शाई एवढेच त्याच्या स्मरणात राहते. वास्तविक मतदानाचा दिवस हा निवडणुकीचा शेवटचा भाग होय. त्या दिवसाच्या पुष्कळ अगोदर काही प्रश्नांची उत्तरे नियमांनी देऊन ठेवलेली असतात. मत देण्याचा अधिकार कोणाला? ते मत कोणत्या सीमेच्या आत मोजावयाचे? निवडणूक घ्यावयाची कोणी? आणि ती घ्यावयाची केव्हा? ज्याच्या हाती ह्या चार प्रश्नांची उत्तरे असतात, त्याच्या हाती नगराचे शासन अर्धेअधिक आलेलेच असते. म्हणून निवडणुकीच्या नियमांचा इतिहास हा रुक्ष कलमांचा इतिहास नसून सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली ह्याचा इतिहास आहे.

ह्यांपैकी पहिला प्रश्न मतदाराचा. नागपूरची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन त्या वेळी जेमतेम दहा वर्षे लोटली होती, आणि मध्यप्रांत हा नवा प्रांत १८६१ साली निर्माण झाला होता. त्या काळच्या नगरपालिका म्हणजे लोकांनी चालविलेल्या संस्था नव्हत्या. रस्ते, दिवे, पाणी व सफाई ह्यांकरिता कर बसवावा, आणि त्या कराला शहरातील प्रतिष्ठित गृहस्थांची संमती असल्याचे दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. सभासद सरकार नेमीत असे व अध्यक्षस्थानी बहुधा जिल्ह्याचा अधिकारी असे.

मुंबई इलाख्यातही चित्र फारसे निराळे नव्हते. पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे महात्मा जोतीराव फुले हे सभासद होते. पण तेही सरकारनियुक्तच होते. ज्या समाजाकरिता त्यांनी आयुष्य वेचले, त्या समाजाला मताचा अधिकार असता तर त्याने त्यांना निवडून दिले असते असे आज सहज म्हणता येते. परंतु तो अधिकारच त्या समाजाला नव्हता. नियमाने ज्याला मतदार म्हणून ओळखले नाही, त्याचे प्रेम मतपेटीत उतरत नाही.

मुंबई शहरात मात्र एक महत्त्वाचे पाऊल लवकर पडले. १८७२ च्या कायद्याने तेथील महानगरपालिकेत ६४ सभासद ठरले व त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडून द्यावे असे ठरले. उरलेल्यांत १६ जस्टिस ऑफ दि पीस ह्या मानकऱ्यांनी निवडावयाचे आणि १६ सरकारने नेमावयाचे. १८८८ च्या कायद्याने सभासदांची संख्या ७२ झाली व करदात्यांच्या वाट्याला ३६ जागा आल्या. अर्धे लोकांचे आणि अर्धे इतरांचे, अशी ही वाटणी होती. ह्या रचनेमागे सर फिरोजशहा मेहता ह्यांची बुद्धी व वाणी होती हे सर्वश्रुत आहे.

ह्याच मेहतांच्या चरित्रातील एक प्रसंग निवडणुकीचे नियम किती बारकाईने पाहावे लागतात हे शिकविणारा आहे. १९०७ साली काही बड्या अधिकाऱ्यांनी व त्यांच्या मित्रांनी संगनमत करून मेहतांना महानगरपालिकेतून घालविण्याचा घाट घातला. जस्टिसांनी निवडावयाच्या सोळाही जागांवर त्यांनी आपली माणसे आणली. मेहता सतरावे आले. हा पराभव म्हणजे एका युगाचा शेवट असे अनेकांना वाटले. परंतु निवडून आलेल्या सोळांपैकी एकाचा महानगरपालिकेशी ठेक्याचा संबंध असल्याचे निघाले. ठेकेदाराने सभासद होऊ नये, हा नियम कायद्याच्या पुस्तकात होताच. त्या गृहस्थाची निवड रद्द ठरली आणि पुढच्या क्रमांकाचे मेहता पुन्हा सभागृहात आले. सभासदाचा पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध नसावा हा नियम आजही कायद्यात आहे, आणि त्याचे महत्त्व रतिभरही कमी झालेले नाही.

लॉर्ड रिपन ह्यांनी १८ मे १८८२ रोजी काढलेल्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला देशभर गती मिळाली. स्थानिक संस्थांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, शक्य तेथे निवडणुकीचे तत्त्व लागू करावे, आणि कारभार सुधारण्यापेक्षाही लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे, हा त्या ठरावाचा गाभा होता. नागपुरातही त्यानंतर नगरपालिकेचा कारभार हळूहळू लोकांच्या पुढाऱ्यांकडे येऊ लागला. सर गंगाधरराव चिटणवीस ह्यांच्यासारख्या गृहस्थांनी तेथे अध्यक्षपद भूषविले. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविले गेले. आणि १९२२ साली मध्यप्रांतात नगरपालिकांचा नवा कायदा झाला.

तरीही ह्या सर्व काळात मतदानाचा पाया एकच राहिला: जो कर देईल तो मत देईल. घर, जमीन, उत्पन्न किंवा शिक्षण ह्यांपैकी काहीतरी गाठीशी असल्याखेरीज मतदारयादीत नाव चढत नसे. ह्या तत्त्वाच्या बाजूने बोलण्यासारखे नव्हते असे नाही. पैसा ज्याचा, त्याने तो कसा खर्च व्हावा हे ठरवावे, हे म्हणणे वरकरणी न्यायाचे दिसते. परंतु नगराचा कर केवळ घरमालक भरत नाही. जकात लागलेले धान्य विकत घेणारा मजूर कर भरतो, भाड्यातून घरपट्टी फेडणारा भाडेकरू कर भरतो. आणि पहाटे रस्ता झाडणारा कामगार तर आपल्या श्रमानेच नगर उभे ठेवतो. पटकीची साथ आली म्हणजे ती कोणाच्या घरी किती घरपट्टी आहे हे विचारून येत नाही. ज्याच्या वस्तीत नळ नाही त्यालाच पाण्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही, हा त्या नियमातला अंतर्विरोध होता. मुंबईत १९२२ साली भाडेकरूंना मताधिकार मिळाला व १९४८ साली प्रौढ मतदानावर निवडणूक झाली, तेव्हा तो अंतर्विरोध तेथे मिटला.

नागपुरात हे स्थित्यंतर महानगरपालिकेच्या स्थापनेबरोबर आले. नागपूर शहर महानगरपालिकेचा कायदा १९४८ च्या नावाने ओळखला जात असला तरी तो १९५० चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा दुसरा अधिनियम होय. त्यानुसार मार्च १९५१ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे तिचे पहिले महापौर झाले. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मार्च १९५१ रोजी, मध्यप्रदेशातील मालगुजारी संपुष्टात आली. शहरात करदात्याच्या मक्तेदारीची जागा प्रौढ मतदार घेत होता, आणि शहराच्या वेशीबाहेरच्या गावांतून मालगुजाराचे प्रस्थ कायद्याने उठत होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वतीने दुसरेच बोलत आले, त्या माणसांना दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी स्वतःचा आवाज मिळाला.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. नागपूर शहराचा कायदा मात्र वेगळाच राहिला. मुंबईखेरीज राज्यातील इतर महानगरांना १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू असताना नागपूर आपल्या जुन्या कायद्याने चालत असे. २०१२ साली तो कायदा रद्द होऊन नागपूरही सर्वसाधारण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली आले. गावांकरिता १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम होता. हुडकेश्वरचा मतदार जेव्हा शहरात आला, तेव्हा तो एका कायद्याच्या घरातून उठून दुसऱ्या कायद्याच्या घरात गेला असे म्हणावयास हरकत नाही.

मतदार कोण, हा प्रश्न सुटला तरी निवडणूक घ्यावयाची कोणी, हा प्रश्न बराच काळ तसाच राहिला. यादी सरकारी अधिकाऱ्याने करावयाची, सीमा सरकारने आखावयाच्या, तारीखही सरकारनेच ठरवावयाची, अशी वहिवाट होती. सत्तेवर असलेल्यांना निवडणूक सोयीची नसली म्हणजे ती लांबणीवर पडे. पालिका बरखास्त होई आणि प्रशासक वर्षानुवर्षे कारभार पाही. लोकसभा व विधानसभा ह्यांच्या निवडणुकांना राज्यघटनेचे संरक्षण होते. नगराच्या निवडणुकीला ते नव्हते.

ही उणीव ७४ व्या घटनादुरुस्तीने भरून काढली. १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिने पालिकेची मुदत पाच वर्षे ठरविली. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, आणि पालिका मध्येच विसर्जित झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असे बंधन घातले. मतदारयाद्या तयार करणे व निवडणूक घेणे हे काम राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ साली स्थापन झाला. विशेष ज्ञान असलेल्या काही व्यक्तींना पालिकेवर नेमण्याची मुभा घटनेने ठेवली. परंतु त्यांना सभागृहात मत देता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. १८७२ साली पाव सभागृहावर हक्क सांगणारा सरकारनियुक्त सभासद अशा रीतीने सल्लागाराच्या आसनावर येऊन बसला.

अनुसूचित जाती व जमाती ह्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि स्त्रियांना निदान एक-तृतीयांश जागा हीही ह्या घटनादुरुस्तीची देणगी. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला, हे सोडतीने ठरते. चिठ्ठी निघाली की वर्षानुवर्षे वॉर्ड राखून बसलेल्या पुढाऱ्याला दुसरीकडे पाहावे लागते, आणि ज्या घरातून कोणी कधी सभागृहाची पायरी चढले नव्हते, त्या घरातील स्त्री उमेदवारीचा अर्ज भरू लागते. पुष्कळ ठिकाणी पतीच कारभार पाहतो अशी टीका होते व ती निराधार नाही. तथापि, खुर्चीवर बसण्याचा हक्क एकदा मिळाला म्हणजे बोलण्याचे धैर्य मागाहून येते, हेही अनेक सभागृहांनी पाहिले आहे.

आता सीमेचा प्रश्न. हुडकेश्वरच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न हाच. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. गावाचे प्रभाग लहान, उमेदवार ओळखीचा, आणि पक्षाचे चिन्ह मतपत्रिकेवर नाही. निवडून आलेला सदस्य सकाळी पारावर भेटतो, संध्याकाळी दुकानात भेटतो. शिवाय ग्रामसभा असते. तेथे मतदाराला स्वतः उभे राहून प्रश्न विचारता येतो. शहरात क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण ती ग्रामसभेइतकी रुजलेली नाही.

महानगरात निराळेच गणित चालते. महाराष्ट्रात प्रभागाची रचना वारंवार बदलली आहे. २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा आणि २०१७ साली चौघांचा. २०१२ साली नागपूरच्या सभागृहात १४५ जागा होत्या. २०१७ साली त्या १५१ झाल्या व त्यांची ३८ प्रभागांत विभागणी झाली. हुडकेश्वर-नरसाळ्याने भाग घेतलेली ही पहिली सार्वत्रिक महानगरपालिका निवडणूक. सरासरी काढल्यास एका प्रभागात ६० हजारांहून अधिक लोक आले. हुडकेश्वरचा मतदार यंत्रापुढे उभा राहिला तेव्हा त्याला एक नव्हे तर अनेक मते द्यावयाची होती. प्रत्येक जागेची मतपत्रिका निराळ्या रंगाची होती, आणि एखाद्या जागेचा कोणीच उमेदवार पसंत नसेल तर तसे सांगण्याकरिताही स्वतंत्र बटण होते.

मोठ्या प्रभागाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, त्याने गल्लीपुरता विचार संपतो, विविध प्रवर्गांना एकत्र प्रतिनिधित्व मिळते आणि जातीच्या किंवा नात्याच्या लहान गठ्ठ्यांवर निवडून येणे कठीण होते. विरोधकांचे म्हणणे असे की, चौघांची जबाबदारी ती कोणाचीच जबाबदारी नसते. नळाला पाणी आले नाही तर नागरिकाने कोणाचे दार ठोठवावयाचे? शिवाय एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार करण्याचे सामर्थ्य पक्षाजवळ किंवा पैसेवाल्याजवळच असते. अपक्ष कार्यकर्ता दूर फेकला जातो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु दर निवडणुकीस नियम बदलत राहिला, तर त्या बदलामागे नागरिकाची सोय आहे की सत्ताधाऱ्याची, ही शंका येणारच. खेळ सुरू होण्यापूर्वी दरवेळी मैदानाच्या रेघा नव्याने आखल्या जाव्यात हे कोणत्याही खेळाडूला रुचत नाही.

ह्याहूनही गंभीर गोष्ट पुढे घडली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास किसनराव गवळी ह्या खटल्यात इतर मागासवर्गाच्या स्थानिक आरक्षणासाठी तीन कसोट्या अनिवार्य ठरविल्या: मागासलेपणाची आयोगामार्फत चौकशी, त्या चौकशीनुसार प्रमाणाचा निर्णय, आणि एकूण आरक्षण निम्म्याहून अधिक न जाणे. मार्च २०२२ मध्ये नागपूरच्या सभागृहाची मुदत संपली. त्याच महिन्यात प्रभागरचनेचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाने आयोगाकडून काढून सरकारकडे आणला. आरक्षण, प्रभागांची रचना आणि सदस्यसंख्या हे वाद न्यायालयात गुंतले. घटनेने सांगितलेली मुदत पुस्तकात राहिली, आणि महानगराचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. राज्यातील इतर महानगरांचीही तीच गत झाली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी नागपूरसह राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले.

म्हणजे जवळजवळ चार वर्षे नागपूरला निर्वाचित सभागृह नव्हते. ह्या काळाचा भार सर्वांवर सारखा पडला असे म्हणता येत नाही. शहराच्या मध्यभागी रस्ते जुने, नळ जुने, गटारे जुनी. तेथे प्रशासकाच्या काळातही नित्याचे काम कसेबसे चालते. नव्याने शहरात आलेल्या वस्तीचे तसे नसते. तिचे रस्ते व्हावयाचे असतात, नळ यावयाचे असतात, ले-आउटच्या मंजुरीचे प्रश्न सुटावयाचे असतात. अंदाजपत्रक ठरताना तिच्या वतीने भांडणारा माणूस सभागृहात लागतो. हुडकेश्वरने आपली पंचायत आणि ग्रामसभा देऊन महानगराचे नागरिकत्व घेतले. त्या बदल्यात त्याला एकदा, २०१७ साली, नगरसेवक निवडता आले; आणि दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी पाचांऐवजी सुमारे नऊ वर्षे वाट पाहावी लागली. गावाने वेस सोडली ती आवाज मोठा होईल म्हणून. मधल्या चार वर्षांत तो आवाज ऐकण्याची जागाच रिकामी होती.

ह्यावरून ध्यानात येणारी गोष्ट अशी की, मतदाराचा अधिकार, मतदानाची सीमा, निवडणूक घेणारी यंत्रणा आणि तिची वेळ ही एकाच खाटेची चार पाये आहेत. १८६४ पासून १९५१ पर्यंतचा लढा पहिल्या पायासाठी होता, आणि तो जिंकला गेला. १९९३ च्या घटनादुरुस्तीने दुसरे दोन भक्कम करण्याचा प्रयत्न केला. वेळेचा पाया मात्र अजून डळमळतो. प्रौढ मताधिकार मिळाला आणि मत देण्याची तारीखच आली नाही, तर त्या अधिकाराची किंमत करदात्याच्या काळातील बिनमताच्या मजुरापेक्षा फार अधिक राहत नाही. तो मजूर यादीत नव्हता. हा नागरिक यादीत आहे, पण ती यादी कपाटात आहे.

नागपूर आणखी वाढेल. हुडकेश्वरच्या पलीकडच्या गावांच्या वेशीही एक दिवस शहराच्या नकाशात येतील. तेव्हा त्या गावांनी रस्ता, पाणी, दिवे ह्यांची मागणी अवश्य करावी. पण तिच्याबरोबर एक चौथी मागणीही करावी. आमच्या मताची सीमा निवडणुकीच्या पुष्कळ आधी ठरलेली असावी, आणि आमच्या मताचा दिवस पाच वर्षांनी न चुकता यावा. रस्ता एक वर्ष उशिरा झाला तर गाडी खड्ड्यात आदळते. मताचा दिवस चार वर्षे उशिरा आला, तर त्या रस्त्याविषयी जाब विचारावयाचा कोणाला, हेच नागरिकाला कळेनासे होते.